अडीच केव्हीएचा संसार

हैदराबादच्या ट्रूप बाजारात जाऊन नुसतं ‘वायर द्या’ म्हणणाऱ्याला वायर मिळत नाही. किती एमएम? सिंगल की तीन कोर? अख्खी कॉइल की मीटरवर? भिंतीतून न्यायची की उघडी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिस्त्री कोण? एवढ्या उलटतपासणीला पुरून उरल्याशिवाय इथला दुकानदार स्टुलावरून हलत नाही. आम्ही जामबागेतले लोक या परीक्षेत सहसा नापास होत नाही, कारण बाजार आमच्या पायाखालचा. शाळा विवेकवर्धिनी, फुलं दारात, आणि दिव्याचा होल्डर तुटला की चपला घालून ट्रूप बाजार, असा इथल्या मराठी घरांचा भूगोल. पण ‘किधर लगाने का है साब?’ या साध्या प्रश्नाला माझ्या मामांनी ‘गाडीत’ असं उत्तर दिलं, तेव्हा दुकानदाराने बसल्या बसल्या रंगीत दिव्यांची माळ पुढे सरकवली.

‘माळ नको. एसी, फ्रिज, मिक्सर, गिझर आणि इस्त्री.’

दुकानदार स्टुलावरून उठला.

मामा विमा कंपनीतून निवृत्त झाले. आयुष्यभर इतरांच्या जिवाचे हप्ते बांधून दिल्यावर आपल्या जिवालाही थोडं फिरवून आणावं, हे त्यांना साठीनंतर सुचलं. त्यात टाळेबंदी आली आणि त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतली निवृत्त जोडपी पाहिली. पांढऱ्या केसांचे नवरा-बायको चाकांवरचं घर गाडीमागे बांधून निघतात, तळ्याकाठी थांबतात, जनरेटर सुरू करतात आणि खुर्ची टाकून कॉफी पितात. मामी म्हणाल्या, ‘त्यांच्यात चातुर्मास नसतो.’ मामांनी तो आक्षेप टिपून घेतला आणि पुढचा व्हिडिओ लावला.

गाडीमागे ओढायचा ट्रेलर जामबागेच्या गल्लीत वळवायचा म्हणजे आधी दोन घरं पाडावी लागली असती. म्हणून एक सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतली. ती आधी यात्रेकरूंची ने-आण करायची, त्यामुळे रस्ता तिला पाठ होता. हैदराबादच्या मराठी माणसाचं पोट मुसीकाठी आणि कुलदैवत सोलापूरच्या आसपास. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, सगळं एकाच दिशेला. बाकं काढली, सुताराने पलंग आणि कपाटं ठोकली. कागदपत्रांच्या बाबतीत मामा पक्के. केंद्र सरकारच्या २००४च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत धरली आहे, हे त्यांनी शोधून काढलं. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्याचं कात्रणही फाइलला लावलं. गाडीत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते. ती मिळवण्याचा इतिहास वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख विनोदी होणार नाही.

राहिलं वायरिंग. इथे डॅलसच्या चिरंजीवांनी घोळ घातला. बाबांचा उत्साह पाहून त्याने तिकडून एक जाडजूड पिन पाठवून दिला. तीस अँपियरचा, सॉकेटात घालून फिरवून बसवायचा. तो पिन मामांनी आठवडाभर सगळ्यांना दाखवला. आल्यागेल्याला हातात धरून वजन बघायला लावलं. घरात भूकंपही चालेल पण तीस अँपियर हवेत, असा एकूण सूर होता. तो सूर उस्तादांनी अर्ध्या मिनिटात खाली आणला.

उस्ताद म्हणजे आमच्या भागातले जुने इलेक्ट्रिशियन. बोटं कळकट, चष्म्याची एक काडी इन्सुलेशन टेपने बांधलेली. त्यांनी पिन उलटासुलटा केला. ‘अमरीका में लाइट कित्ती आती साब?’ मामा म्हणाले, एकशेवीस व्होल्ट. ‘हौ. तीस गुणिले एकशेवीस, छत्तीसशे वॉट. अपने इधर दो सौ तीस. छत्तीसशे कू दो सौ तीस से भागो.’ मामांनी भागलं. पंधरा पूर्णांक काहीतरी आलं. उस्तादांनी झोळीतून पंधरा-सोळा अँपियरचा थ्री-पिन टॉप काढून समोर ठेवला, जो प्रत्येक घरात गिझरला असतो. ‘ये वोइच है.’ डॅलसचा पिन आता मामींच्या देवघराशेजारी पेपरवेट आहे.

खरं म्हणजे चाकांवरच्या वस्तूला वायरिंग करून जनरेटरवर चालवणं हैदराबादला मुळीच नवं नाही. अनंत चतुर्दशीला जामबागेतून मोअज्जम जाही मार्केटच्या नाक्यावर जाऊन उभं राहावं. १९३५ साली बांधलेल्या त्या दगडी मार्केटसमोरून बाळापूरपासून निघालेली मिरवणूक हुसेनसागराकडे जाते. ट्रकमागून ट्रक, ट्रॉल्या, लांबच लांब ट्रेलर. वर गणपती, भोवती हजारो दिवे, ढोलताशांवर मात करणारे स्पीकर, आणि सगळ्याच्या मागे एका कोपऱ्यात काळा धूर सोडणारा जनरेटर व त्याच्या शेजारी हातात प्लायर घेऊन बसलेला एक पोरगा. लोक गणपतीला नमस्कार करतात. उस्ताद आधी त्या पोराकडे बघतात. वायर कुठे दाबली जातेय, जॉइंट कुठे उघडा आहे, हे त्यांना वीस हातांवरून कळतं. त्यांची स्वतःची निम्मी हयात वरातींत गेली. हैदराबादी वरातीत डोक्यावर झुंबरं घेतलेली माणसं दोन रांगांनी चालतात, सगळी एकाच वायरीने जोडलेली, आणि मागून हातगाडीवर जनरेटर. पुढच्या माणसाने वेगात पाऊल टाकलं की मागच्याचं झुंबर विझतं. हा धंदा केलेल्या माणसाला मामांची गाडी म्हणजे किरकोळ काम. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘झूमर कित्ते?’

झुंबर एकही नव्हतं. पण बाकीची यादी होती. मामांनी घरातल्या प्रत्येकाला विचारून वहीत लिहून घेतलं होतं. धाकट्या चिरंजीवांना दीड टनाचा एसी, पंधराशे वॉट. आजीला पहाटेच्या आंघोळीला गिझर, दोन हजार. मामींना इंडक्शन शेगडी, दोन हजार, आणि चटणीला मिक्सर, साडेसातशे. मुलीला केस वाळवायचं यंत्र, बाराशे. स्वतः मामांना इस्त्री, एक हजार, कारण देवीसमोर चुरगळलेला सदरा चालत नाही. फ्रिज दीडशे. दिवे, पंखे, मोबाइल कुणी धरलेच नाहीत. बेरीज आठ हजार सहाशे वॉट.

जनरेटर अडीच केव्हीएचा घेतलेला होता. तोही घासाघीस करून.

‘अडीच म्हणजे अडीच हजार ना?’ मामांनी आशेने विचारलं. उस्तादांनी यंत्रावरची पाटी दाखवली: पॉवर फॅक्टर ०.८. केव्हीए हा पगारपत्रकावरचा आकडा, वॉट म्हणजे कापून हातात येतो तो. हातात दोन हजार. त्यातही मोटर असलेली वस्तू सुरू होताना क्षणभर चालू करंटाच्या चार-सहा पट करंट ओढते आणि मग शहाण्यासारखी वागते. फ्रिज दीडशेचा दिसतो, पण कॉम्प्रेसर उठताना तो दीडशेचा राहत नाही. मामा विम्यातले, त्यांना हे लगेच कळलं. सगळे पॉलिसीधारक एकाच दिवशी दावा घेऊन आले तर काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

आता इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. हैदराबादेत वीज आली त्यालाही शंभर वर्षं उलटली; १९२० साली हुसेनसागराच्या काठी औष्णिक केंद्र उभं राहिलं. तेव्हापासून घराघरांत बटणं दाबली जाताहेत, आणि बटण दाबणाऱ्याला वॉट कधी दिसले नाहीत. बिल महिन्यातून एकदा येतं, त्यावर नाव फक्त घरमालकाचं असतं. गिझर कुणी चालू ठेवला, एसी अठरावर कुणी नेला, याची चौकशी निष्फळ ठरते, कारण पुरावा वाहून गेलेला असतो. अडीच केव्हीएने हे सगळं उघडं पाडलं. प्रत्येक हौसेवर आकडा चिकटला, आणि कुणाच्या हौसेसाठी कुणाची बंद ठेवायची, हे जेवणाच्या ताटावर ठरवायची वेळ आली. मामांच्या घरात चाळीस वर्षांत जी भांडणं झाली नव्हती ती दोन हजार वॉटांवरून झाली. केस वाळवण्याच्या यंत्रावरून एक संध्याकाळ कुणी कुणाशी बोललं नाही.

इंडक्शन पहिल्या फेरीत बाद. गॅसची छोटी शेगडी ठरली. केस उन्हात वाळतात असा निकाल मामींनी दिला, तो मुलीने मान्य केला नाही, पण अपिलाची सोय नव्हती. साध्या एसीऐवजी इन्व्हर्टर एसी घ्यायचा, कारण त्याचा कॉम्प्रेसर धाडकन न उठता हळूहळू चढतो. ही सूचना उस्तादांची. गिझरचा प्रश्न आजीने स्वतः सोडवला. ‘बंब घ्या की.’ माळ्यावर तांब्याचा बंब होता, चिंच लावून घासला. शून्य वॉट. फक्त चार ढलप्या आणि गाडीबाहेर हातभर जागा. मामांनी वहीत ‘बंब – ०’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग खरं काम सुरू झालं. पॉवरला अडीच एमएम, दिव्यांना दीड, एसीला वेगळी चार एमएमची लाइन. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. गाडी हादरते, म्हणून घरातली एकतारी जाड वायर नको, बारीक तारांची लवचिक हवी, आणि प्रत्येक तोंडाला लग दाबलेला. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचा बूच. एमसीबीच्या डब्यात शेवटी तीस मिलिअँपियरची आरसीसीबी. करंट माणसातून जमिनीकडे निघाला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडणारी. तिच्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. मामांनी दाबलं, खटकन पडली. मामा समाधानाने हसले.

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी जनरेटर सुरू केला, टेस्टर काढला आणि सॉकेटच्या उजव्या छिद्रात घातला. आत मिणमिणता नारिंगी उजेड. मग डाव्या छिद्रात. तिथेही तसाच. घरच्या बोर्डवर उजवं छिद्र पेटतं आणि डावं मुकं असतं, एवढं मामींनाही ठाऊक.

‘अगं बाई, दोन्हीकडे करंट?’

‘दोनों तरफ है, और कहींच बी नै,’ उस्ताद म्हणाले. आजीने मान डोलावली. हे तिने कीर्तनात ऐकलेलं होतं.

भानगड अशी, की गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. म्हणून फेजला हात लागला की करंट जमिनीतून घरी परत जातो, आणि गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला नाही हे पाहून आरसीसीबी पडते. पोर्टेबल जनरेटरच्या दोन्ही तारा बहुधा अधांतरी असतात. गाडीच्या पत्र्याला चुकून फेज लागली तर करंटला परतीची वाटच नाही. म्हणून आरसीसीबी पडत नाही, पत्रा मात्र गुपचूप जिवंत होऊन बसतो आणि दुसऱ्या बिघाडाची वाट बघतो. टेस्टचं बटण तरीही पडतं, कारण ते आतल्या आतच फेज आणि न्यूट्रलमध्ये खेळ करतं. उस्तादांनी होल्डरला दोन तारा जोडलेला शंभरचा बल्ब काढला. एक तार फेजला, दुसरी पत्र्याला. काही नाही. बल्ब पेटला नाही, आरसीसीबी पडली नाही. मग त्यांनी जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि बॉडी एका तुकड्याने जोडली आणि तोच बल्ब पुन्हा तसाच लावला. तार टेकायच्या आत खट! सगळा अंधार. मामींनी टाळ्या वाजवल्या.

पण हा जोड गाडीत कायमचा ठेवायचा नाही. धर्मशाळेच्या सॉकेटवर गाडी लावली, की तिथला न्यूट्रल आधीच ट्रान्सफॉर्मरला बांधलेला असतो. दोन ठिकाणी बांधला की आरसीसीबी उगाचच पडत राहते आणि पत्र्यातून नको तो करंट फिरतो. म्हणून जोड एका वेगळ्या पिनच्या आत केला, पिन लाल रंगवला आणि साखळीने जनरेटरला बांधला. ‘ये टोपी इसकीच है. इसके सर से उतारने का नै.’ जनरेटर आणि धर्मशाळा यांच्यात निवड करायला चेंजओव्हर स्विच. एक वर, एक खाली, मध्ये बंद. दोन्ही एकदम कधीच नाही.

‘एवढ्या खर्चाचा चेंजओव्हर कशाला?’ असं म्हणून मामांनी घरातल्या खणातून एक वायर आणली. लाईट जायच्या जमान्यात शेजाऱ्यांच्या जनरेटरवरून घर चालवायला कुणीतरी बनवलेली. दोन्ही टोकांना पिन. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरा भिंतीतल्या सॉकेटात, की घर उजळलं.

उस्तादांचा चेहरा बदलला. त्यांनी ती वायर हातात घेतली नाही, फक्त बोट दाखवलं. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाचे पितळी खांब उघड्यावर, दोनशे तीस व्होल्टने भरलेले. पोरगं हात लावील, म्हातारं लावील. आणि मेन स्विच पाडायचा राहिला तर करंट उलटा गल्लीत जातो. ट्रान्सफॉर्मर आला तसा उतरवतो, उलटा आला की चढवतो. खांबावर चढलेला लाइनमन समजतो लाइन बंद आहे, आणि त्याच्या हातात हजारो व्होल्ट. ‘साब, ये पिन नै, ये मौत है.’ मग त्यांनी प्लायर मागितला आणि वायरचे चार तुकडे केले. मामांनी चेंजओव्हरचे पैसे मुकाट्याने दिले. वर फाइलला टिपण लावलं.

जनरेटर ठेवायचा कुठे, यावर मात्र ते अडून बसले. डिकीत, कुलपात, कारण चोरी. उस्ताद म्हणाले, चोर जनरेटर नेईल, धूर माणसं नेईल. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेला झोपलेलाच राहतो. गाडीपासून वीस फूट, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराचं तोंड पलीकडे. शेवटी वीस फूट केबल आणि वीस फूट साखळी अशी एकत्र खरेदी झाली.

चाचणी रविवारी अंगणात झाली. जनरेटरच्या इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेरे घ्यायचे, तेव्हा पन्नास हर्ट्झ मिळतात. एसी लावला, इंजिनाने आवाज खाली आणला, सावरलं. फ्रिज लागला, पुन्हा सावरलं. मग मामींनी मिक्सरचं बटण फिरवलं. इंजिन घोगरलं, दिवे लाल झाले, एसीने मान टाकली आणि ओव्हरलोड पडला. भांड्यात खोबरं जसंच्या तसं. त्या दिवसापासून बोर्डाशेजारी मामांच्या टपोऱ्या अक्षरातलं वेळापत्रक चिकटलेलं आहे. सकाळी ६.०० ते ६.१० मिक्सर (एसी बंद). ६.१० ते ६.२५ इस्त्री (मिक्सर बंद, एसी बंद). दुपारी एसी, कुणीही काहीही लावू नये. खाली सही. तिच्याखाली मामींनी पेन्सिलीने लिहिलेलं आहे: ‘पाहुणे आल्यास?’

पावसाळा संपल्यावर निघालो. झहीराबाद, हुमनाबाद, नळदुर्ग. किल्ल्याजवळ दुपारी थांबून खुर्च्या टाकल्या, जनरेटर लावला आणि कॉफी केली, गॅसवर. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने विचारलं, ‘काका, कुठलं शूटिंग?’ मामांना ते फार आवडलं.

संध्याकाळी तुळजापुरात एका भक्तनिवासाच्या मागच्या अंगणात गाडी लावली. पहाटे बंब पेटला, आजीची आंघोळ झाली, सोवळं नेसून ती जप करत बसली. वेळापत्रकाप्रमाणे इस्त्री चालू असताना भक्तनिवासाची लाईट गेली. अख्खी इमारत काळी आणि अंगणात एकटी मामांची गाडी लख्ख. पाच मिनिटांत मॅनेजर आले. वरच्या टाकीत पाणी नाही, शंभर माणसं आंघोळीची, एवढी मोटर चालवून द्याल का? मामांनी वही काढली. मोटर किती एचपीची? दीड. म्हणजे अकराशे वॉट, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मामींची चटणी पुढे ढकलली तरी बसणार नाही.

‘मग मोटर राहू द्या,’ मॅनेजर म्हणाले, ‘निदान ऑफिसातले दोन दिवे आणि पंखा तरी. तुम्हाला काही करायला नको, वायर आहे आमच्याकडे.’

त्यांनी पिशवीतून वायर काढली. मळलेली, पिवळी, मधे दोन ठिकाणी टेप. दोन्ही टोकांना पिन.

गाडीत शांतता पसरली. आजीचा जप थांबला. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. मामांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, चष्मा नाकावर सरकवला आणि ती वायर दोन बोटांत लांब धरून नीट पाहिली.

‘किती दिवस वापरता ही?’

‘झाली की चार-पाच वर्षं. काही होत नाही हो.’

मामांनी वहीचं कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि अत्यंत आदराने विचारलं, ‘नॉमिनी कोण आहे?’